‘स्ट्रू’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ आणि व्युत्पत्ती

वाचनवेल

नमस्कार. एका इंग्रजी प्रवासवर्णनाचा अनुवाद तपासताना ‘स्ट्रू’ हे क्रियापद थोड्याच अंतराने दोनदा आले आणि दोन्ही ठिकाणी माझी निरनिराळी अडचण झाली. पहिल्या वाक्यात पाहुण्यांच्या स्वागतासाठी बागेतील वाट पाकळ्यांनी ‘स्ट्रू’ केली आहे. दुसऱ्या वाक्यात वादळाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर फळ्या, दोरखंड आणि फुटके पेटारे ‘स्ट्रून’ अवस्थेत पडले आहेत. कोशात दोन्हींसाठी ‘विखुरणे, पसरणे’ हेच अर्थ मिळतात. परंतु पहिल्या वाक्यात ‘पाकळ्या विखुरल्या’ असे लिहिले की कोणाच्या तरी हातून परडी उपडी झाल्यासारखे वाटते, आणि दुसऱ्या वाक्यात ‘फळ्या पसरल्या होत्या’ असे लिहिले की त्या कोणी वाळत घातल्या असाव्यात असा भास होतो.

म्हणून येथील जाणकारांना विचारावेसे वाटले की ‘स्कॅटर’ आणि ‘स्ट्रू’ यांत इंग्रजी लिहिणारे नेमका कोणता भेद करतात. दुसरे असे की, वाळलेल्या काडीला किंवा पेंढ्याला इंग्रजीत ‘स्ट्रॉ’ म्हणतात. त्या नामाचा या क्रियापदाशी संबंध आहे, की हे केवळ ध्वनिसाम्य आहे? आणि संस्कृतातील ‘स्तृ’ धातू येथे आठवणे रास्त आहे का? आठवला खरा, परंतु असल्या आठवणी पुष्कळदा फसव्या असतात, म्हणून खात्री करून घ्यावी असा विचार केला.

शब्दान्वेषी

आपली आठवण येथे फसवी नाही. ‘स्ट्रू’ आणि ‘स्तृ’ हे खरोखरच एका कुळातील आहेत, आणि हे नाते पक्क्या ध्वनिनियमांवर उभे आहे.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘स्ट्रेओविअन’ असे होते. जर्मनमध्ये ‘श्ट्रॉयेन’, डचमध्ये ‘स्ट्रोयेन’ आणि गॉथिकमध्ये ‘स्ट्राउयान’ ही त्याची भावंडे आहेत, म्हणजे शब्द मूळ जर्मानिक भाषेइतका जुना आहे. त्याच्याही मागे भारोपीय भाषांच्या, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी ज्या कुळात येतात त्या भाषांच्या, अभ्यासकांनी ‘पसरणे, पसरून घालणे’ या अर्थाचा जो धातू पुनर्रचित केला आहे, त्यातूनच लॅटिनमधील ‘स्टेर्नेरे’, ग्रीकमधील ‘स्टोर्न्यूमि’ आणि आपल्याकडील ‘स्तृणोति’, ‘स्तृणाति’ ही रूपे आली आहेत. येथे कोणी असा आक्षेप घेईल की संस्कृतातील ‘त’ इंग्रजीत ‘थ’ व्हायला हवा, जसे ‘त्रि’चे ‘थ्री’ होते, ‘त्वम्’चे जुन्या इंग्रजीत ‘थू’ होते. आक्षेप योग्यच आहे. परंतु आधी ‘स’ असला की हा बदल होत नाही, हा त्याच नियमाचा ठरलेला अपवाद आहे. म्हणूनच ‘स्था’ आणि ‘स्टँड’ यांत ‘त’वर्गाची जागा ढळलेली दिसत नाही, आणि ‘स्तृ’ व ‘स्ट्रू’ यांतही नाही.

‘स्ट्रॉ’चे म्हणाल, तर ते याच क्रियापदाचे घरचे नाम आहे. ‘स्ट्रॉ’ म्हणजे जे पसरून घातले जाते ते. धान्य झोडपून झाल्यावर उरलेल्या काड्या जमिनीवर, गोठ्यात, अंथरुणाखाली घालावयाच्या. त्या घालण्यावरून त्या वस्तूला नाव पडले. जर्मन ‘श्ट्रो’ हाही तोच शब्द. ‘स्ट्रॉबेरी’तील ‘स्ट्रॉ’ हाच, परंतु त्या फळाला हे नाव का मिळाले याविषयी कोशकारांत एकमत नाही, तेव्हा तिकडे वळत नाही.

आता मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ऋग्वेदात पहिल्या मंडलातील तेराव्या सूक्ताच्या पाचव्या ऋचेचा आरंभ ‘स्तृणीत बर्हिरानुषक्’ असा आहे. बर्हि म्हणजे यज्ञस्थानी देवतांच्या आसनासाठी घालावयाचे गवत, आणि ऋत्विजांना सांगितले जात आहे की ते सलग, ओळीने घाला. ‘स्तृ’ धातूचे कर्म येथे गवत आहे आणि इंग्रजीत याच धातूपासून पेंढ्याला नाव मिळाले आहे. एवढे साम्य हजारो मैलांच्या आणि अनेक शतकांच्या अंतरावर टिकून राहते, तेव्हा मूळ अर्थाविषयी फारशी शंका उरत नाही: हा धातू वस्तू उधळून देण्याचा नव्हे, तर पृष्ठभाग झाकण्याचा आहे. पाणिनीय धातुपाठानेही त्याचा अर्थ ‘आच्छादने’ असाच दिला आहे, ‘विक्षेपे’ असा दिलेला नाही. फेकण्याचा, विक्षेपाचा धातू निराळा, तो ‘कॄ’. त्यापासून विकिरण, प्रकीर्ण, संकीर्ण असे शब्द झाले.

मराठीत या धातूची संतती आपण रोज वापरतो. विस्तार आणि स्तर हे सरळ दिसतातच, परंतु ‘अंथरणे’ हेही ‘आस्तरण’ापासून आले आहे, पथारी ‘प्रस्तार’ाशी जोडलेली आहे, आणि जैन परंपरेतील संथारा हा ‘संस्तारक’, म्हणजे मुळात गवताचे अंथरूण. प्रवासात वळकटी बांधून नेण्याचा बिस्तरा फारसीतून आला, परंतु तोही इराणी शाखेतील याच धातूचा असल्यामुळे विस्ताराचा चुलतभाऊ ठरतो.

व्याकरणमित्र

वरील उत्तरातील ‘आच्छादने’ हा शब्द हाती धरला की ‘स्कॅटर’ आणि ‘स्ट्रू’ यांतील भेद बराचसा उलगडतो, असे मला वाटते.

‘स्कॅटर’च्या कल्पनेत एक केंद्र असते आणि वस्तू त्या केंद्रापासून दूर जातात. त्या कुठे पडतात, पडतात तरी का, याला महत्त्व नाही. एकत्र होत्या त्या एकत्र राहिल्या नाहीत, एवढे पुरे. म्हणून बंदुकीचा आवाज होताच पाखरे ‘स्कॅटर’ होतात, जमाव ‘स्कॅटर’ होतो, वातावरणातील रेणूंमुळे प्रकाश ‘स्कॅटर’ होतो. यांपैकी एकाही वाक्यात ‘स्ट्रू’ घालता येणार नाही. जमाव ‘स्ट्रू झाला’ असे कोणी इंग्रजी भाषक म्हणणार नाही, कारण ‘स्ट्रू’ला वस्तूंखालचा पृष्ठभाग लागतो आणि शिवाय ते करणारा कोणीतरी, निदान वारा किंवा पूर तरी, लागतो. वस्तू आपण होऊन ‘स्कॅटर’ होऊ शकतात, आपण होऊन ‘स्ट्रू’ होऊ शकत नाहीत. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर पहिले क्रियापद सकर्मक आणि अकर्मक दोन्ही आहे, दुसरे सकर्मकच आहे. पडलेली पाने वाटेला ‘स्ट्रू’ करतात असा प्रयोग होतो खरा, पण तेथेही पाने कर्ता आणि वाट कर्म, म्हणजे पाने वाट झाकतात, असाच त्याचा अर्थ आहे.

दुसरा विशेष रचनेचा. इंग्रजीत ‘पाकळ्या वाटेवर स्ट्रू करणे’ आणि ‘वाट पाकळ्यांनी स्ट्रू करणे’ अशा दोन्ही रचना तेच क्रियापद ठेवून करता येतात. पहिल्या रचनेत पाकळ्या कर्म आहेत, आणि चार पाकळ्या पडल्या तरी वाक्य खरे ठरते. दुसऱ्या रचनेत वाटच कर्म होते आणि मग ती टोकापासून टोकापर्यंत भरली आहे असा अर्थ निघतो. मराठीत क्रियापद तेच ठेवून ही अदलाबदल सहसा करता येत नाही. ‘वाटेवर पाकळ्या अंथरल्या’ हे ठीक, परंतु ‘वाट पाकळ्यांनी अंथरली’ हे कानाला खटकते. तेथे ‘झाकली’, ‘आच्छादली’, ‘भरून टाकली’ असे दुसरे क्रियापद आणावे लागते. आपल्याला पहिल्या वाक्यात आलेली अडचण बहुधा येथूनच आली असावी, कारण कोशातील ‘विखुरणे’ वस्तूंविषयी बोलते आणि आपल्या लेखकाचे वाक्य वाटेविषयी बोलत आहे.

हेतू होता की नव्हता, याविषयी मात्र ‘स्ट्रू’ काहीही सांगत नाही. स्वागतासाठी घातलेली फुले आणि वादळाने आणून टाकलेल्या फळ्या दोन्ही त्यात बसतात. आजच्या इंग्रजीत धातुरूपापेक्षा ‘स्ट्रून’ हे भूतकालवाचक विशेषणच कितीतरी अधिक आढळते, आणि ते बहुतेक वेळा अव्यवस्थेच्या वर्णनात येते. कपडे, कागद, अवशेष, काचा असल्या गोष्टी त्याच्याबरोबर येतात. परंतु ती अव्यवस्था सोबतच्या शब्दांनी आणलेली आहे, क्रियापदाच्या गाभ्यात ती नाही.

‘स्कॅटर’च्या वयाविषयीही एक वाक्य, कारण त्यातून त्याचा स्वभाव कळतो. इंग्लंडमधील पीटरबरो येथील मठात ठेवलेल्या इतिवृत्तात ११३७ सालच्या नोंदीखाली तेथील स्टीफन राजाविषयी असे म्हटले आहे की त्याने खजिना वाटून टाकला आणि मूर्खपणाने ‘स्कॅटर’ केला. हा त्या शब्दाच्या सर्वांत जुन्या लेखी प्रयोगांपैकी एक आहे, आणि तेथे अर्थ ‘उधळणे’ असा आहे. मराठीतही पैसा उधळला जातो आणि गुलालही उधळला जातो. पैसा ‘स्ट्रू’ करायचा तर नाणी खरोखरच जमिनीवर टाकावी लागतील.

मितभाषी

उच्चाराविषयी आणि रूपांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडेसे. उच्चार ‘स्ट्रू’ असाच, दीर्घ ऊकाराने. भूतकाळी रूप ‘स्ट्रूड’, भूतकालवाचक विशेषण ‘स्ट्रून’. ‘स्ट्रूड’ विशेषण म्हणूनही चालते, परंतु आता विरळ. जुन्या लेखनात ‘स्ट्रो’ असे ओकारयुक्त रूप भेटते. मिल्टनच्या १६६७ सालच्या महाकाव्यात शरदातील पाने ओढ्यांना झाकून टाकतात तेथे हेच रूप आहे. तिसरे रूप ‘स्ट्रॉ’, म्हणजे नामासारखेच उच्चारले जाणारे क्रियापद, १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये सापडते. तिन्ही एकाच क्रियापदाची रूपे आहेत आणि आज त्यांतील ऊकाराचे तेवढे जिवंत आहे.

चकित झाल्यावर काही इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन ‘स्ट्रूथ’ असे उद्गार काढतात, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. ते ‘देवाचे सत्य’ या अर्थाच्या शपथेचे आखडलेले रूप आहे.

वाचनवेल

तिघांचेही आभार. ‘आच्छादने’ हा धागा मला फारच उपयोगी वाटतो.

यावरून आणखी दोन शंका निघाल्या. तारा या अर्थाचा इंग्रजी ‘स्टार’ आणि वैदिक ‘स्तृभिः’ हे रूप पाहता, आकाशात ज्या पसरून टाकल्या आहेत त्या तारका, अशी व्युत्पत्ती मी एका जुन्या लेखात वाचली होती. ती आज मान्य आहे का? दुसरे, रस्त्यासाठीचा ‘स्ट्रीट’ आणि युद्धनीतीसाठीचा ‘स्ट्रॅटेजी’ हेही याच कुळातले असल्याचे कुठेतरी ऐकले. इतके सगळे एकाच धातूच्या पदरात घातले की संशय येऊ लागतो.

शब्दान्वेषी

संशय घेतला ते बरे केले, कारण या यादीतील एक शब्द बाहेर काढावा लागतो, आणि तो नेमका सर्वांत मोहक आहे.

‘आकाशात विखुरलेल्या त्या तारका’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील काही विद्वानांना प्रिय होती. तिच्यावरचा आक्षेप ग्रीक भाषेतून येतो. ग्रीकमध्ये तारा म्हणजे ‘अॅस्टेर’. आरंभीचा ‘अ’ कोठून आला? पसरण्याच्या ग्रीक क्रियापदात, ‘स्टोर्न्यूमि’मध्ये, असा ‘अ’ मुळीच नाही. ग्रीकने जपलेला हा स्वर मूळ भाषेतील एका लुप्त कंठ्य व्यंजनाची खूण आहे, आणि ते व्यंजन ताऱ्याच्या शब्दात होते, पसरण्याच्या धातूत नव्हते. संस्कृत आणि जर्मानिक भाषांत ती खूण पुसली गेल्यामुळे दोन्ही शब्द एकसारखे दिसू लागले. ताऱ्याचा संबंध आज पुष्कळ अभ्यासक जळणे, धगधगणे या अर्थाच्या धातूशी लावतात. तेव्हा ‘स्टार’ या चर्चेतून वजा करावा.

‘स्ट्रीट’ मात्र नात्यातला आहे, परंतु तो दुसऱ्या दाराने आला आहे. रोमन लोक दगडांचे थर घालून रस्ते बांधीत आणि त्याला ‘व्हिया स्ट्राटा’, म्हणजे थर अंथरलेला मार्ग, असे म्हणत. ‘स्ट्राटा’ हे ‘स्टेर्नेरे’चे कृदन्त. जर्मानिक टोळ्यांनी हा शब्द फार लवकर उचलला आणि त्यातून जर्मन ‘श्ट्रासे’, डच ‘स्ट्राट’ आणि इंग्रजी ‘स्ट्रीट’ झाले. म्हणजे ‘स्ट्रू’ इंग्रजीला वारशाने मिळाले आणि ‘स्ट्रीट’ उसने मिळाले. मूळ एकच, वाटा दोन. भूस्तरांसाठीचा ‘स्ट्रॅटम’ आणि ल्यूक हॉवर्ड यांनी १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या ढगांच्या वर्गीकरणातील ‘स्ट्रेटस’ हे नंतर थेट लॅटिनवरून घेतले. साष्टांग पडलेल्या माणसासाठीचा ‘प्रॉस्ट्रेट’ही त्यातलाच. ‘स्ट्रॅटेजी’त ग्रीक ‘स्ट्राटोस’ आहे, त्याचा अर्थ सैन्य. मैदानात पसरलेला तळ, अशी त्यामागची कल्पना मानतात. यात अर्थाचा प्रवास थोडा लांबचा आहे, परंतु ध्वनींच्या बाजूने अडचण नाही.

शक्य असेल तर एक प्रयोग करून पाहावा. नव्या करारात येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाचा प्रसंग आहे. लोक वाटेवर आपली वस्त्रे घालतात आणि झाडांच्या फांद्या तोडून घालतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील एकविसाव्या अध्यायाचे आठवे वचन आणि मार्काच्या अकराव्या अध्यायाचे आठवे वचन निरनिराळ्या भाषांत शेजारी ठेवावे. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये वस्त्रांसाठी आणि फांद्यांसाठी एकच क्रियापद आहे, तेच आपले ‘स्टोर्न्यूमि’चे कुळ. लॅटिन अनुवादातही दोन्हींसाठी ‘स्टेर्नेरे’. चौथ्या शतकात वुल्फिला याने केलेल्या गॉथिक अनुवादात मार्काचे वचन उपलब्ध आहे आणि तेथे वस्त्रांसाठी ‘स्ट्राविदेदुन’ आले आहे, म्हणजे इंग्रजी ‘स्ट्रू’चे सख्खे भावंड. चौदाव्या शतकात विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातही वस्त्रेच ‘स्ट्रू’ केली आहेत. मात्र १६११ सालच्या अनुवादात लोक वस्त्रे ‘स्प्रेड’ करतात आणि फांद्या तेवढ्या ‘स्ट्रॉ’ करतात, ज्याचा उल्लेख मितभाषी यांनी वर केला आहे.

एकाच वचनात अर्थ आकसलेला दिसतो. मूळ धातूला चादरही चालत होती आणि गवतही. घातल्याने जमीन झाकली जावी एवढीच अट होती. इंग्रजीने पुढे कामाची वाटणी केली: अखंड वस्तू ‘स्प्रेड’कडे गेली, सुट्या आणि पुष्कळ वस्तू ‘स्ट्रू’कडे राहिल्या. मराठीत नेमके उलटे घडले. ‘अंथरणे’ चादरीकडे आणि सतरंजीकडे गेले, आणि सुट्या वस्तूंसाठी आपल्याला इतर क्रियापदे शोधावी लागली. आज कोणी पलंगपोस ‘स्ट्रू’ केला असे इंग्रजीत लिहिले तर वाचणाऱ्याला त्या पलंगपोसाच्या चिंध्या झाल्या असाव्यात असे वाटेल.

जुनीपाने

चर्चा वाचताना राहवले नाही. ‘स्ट्रू’ हा एके काळी इंग्लंडमधील घरकामातला रोजचा शब्द होता, हे येथे नोंदवावेसे वाटते. नाहीतर तो केवळ कवींचा शब्द आहे असा समज होण्याची शक्यता आहे.

मध्ययुगात आणि त्यानंतरही बराच काळ तेथील घरांच्या, चर्चच्या आणि सभागृहांच्या जमिनीवर लव्हाळे घातले जात. ऊब मिळावी, ओल शोषली जावी आणि सांडलवंड झाकली जावी हा हेतू. इरॅस्मस या डच विद्वानाने इंग्लंडमधील या जमिनींविषयी एका पत्रात मोठी तक्रार केली आहे: वरचे लव्हाळे अधूनमधून बदलतात, परंतु खालचा थर वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि त्यात थुंकी, माशांचे उरलेले तुकडे, सांडलेले मद्य असे सर्व काही मुरत असते. पत्र वाचवत नाही, पण ‘स्तर’ आणि ‘स्ट्रू’ यांचे नाते त्याने नकळत फार चांगले दाखवले आहे.

दुर्गंधी झाकण्यासाठी लव्हाळ्यांत सुवासिक वनस्पती मिसळत, आणि अशा वनस्पतींचा एक वर्गच ‘स्ट्रूइंग हर्ब्ज’ या नावाने ओळखला जाई. लॅव्हेंडर, पेनीरॉयल, टॅन्सी आणि मेडोस्वीट ही त्यांतील नेहमीची नावे. पायाखाली चिरडल्यावर वास सुटला पाहिजे हा निवडीचा निकष होता. राजवाड्यात तर या कामासाठी स्वतंत्र पद होते. त्या स्त्रीला ‘हर्ब स्ट्रूअर’ म्हणत. १८२१ साली चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत अॅन फेलोज या बाईंनी सहा तरुणींसह पुढे चालत फुले आणि वनस्पती घातल्या. तोवर जमिनीवर लव्हाळे घालण्याची गरज संपली होती, पद तेवढे समारंभापुरते उरले होते. आपल्या प्रवासवर्णनातील पाकळ्यांची वाट या परंपरेतील दिसते, तेव्हा तेथे ‘विखुरणे’ हा शब्द का चुकतो हे वेगळे सांगायला नको.

आजच्या काळातील एक पारिभाषिक प्रयोगही आहे. एकाच उल्केचे तुकडे ज्या प्रदेशात पडलेले सापडतात त्याला खगोलशास्त्रात ‘स्ट्रून फील्ड’ म्हणतात. वातावरणात फुटलेल्या उल्केचे लहान तुकडे हवेच्या विरोधाने लवकर मंदावतात आणि अलीकडेच पडतात; जड तुकडे आपल्या संवेगामुळे पुढे जातात. म्हणून हा प्रदेश साधारण लंबवर्तुळाकार होतो आणि त्याच्या पुढच्या टोकाला सर्वांत मोठे तुकडे मिळतात. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी रशियाच्या अतिपूर्वेकडील सिखोते-आलिन पर्वतात पडलेल्या लोहउल्केचे क्षेत्र असेच आहे. हवेत फुटणे हे ‘स्कॅटर’चे काम झाले, परंतु शास्त्रज्ञांना नकाशा काढायचा असतो तो जमिनीचा, म्हणून नावात ‘स्ट्रून’ आले असावे, असे मला तरी वाटते.

वाचनवेल

‘हर्ब स्ट्रूअर’ची माहिती माझ्या अनुवादात तळटीप म्हणून फार शोभेल. आता मूळ प्रश्नावर परत येतो: मराठीत कोणते शब्द वापरावेत? ‘अंथरणे’ मी पहिल्या वाक्यासाठी जवळजवळ निश्चित केले आहे. दुसऱ्याचे काय? शिवाय पुढे एका प्रकरणात एक हस्तलिखित चुकांनी ‘स्ट्रून’ आहे, ते तर कशातच बसत नाही.

व्याकरणमित्र

‘अंथरणे’ चालेल, परंतु पाकळ्यांसाठी मराठीत त्याहून नेमका शब्द हाताशी आहे, तो म्हणजे ‘सडा’. ‘वाटेवर पाकळ्यांचा सडा घातला होता’ असे म्हटले की हेतू, विपुलता आणि झाकली गेलेली जमीन या तिन्ही गोष्टी एकदम येतात. क्रियापद बदलले की हेतूही काढून घेता येतो: सडा ‘घातला’ म्हणजे कोणीतरी मुद्दाम घातला, सडा ‘पडला’ म्हणजे झाडाखाली आपोआप पडला. इंग्रजीतील एका ‘स्ट्रून’मध्ये जी संदिग्धता आहे ती मराठीत अशी दोन क्रियापदांत विभागता येते, आणि अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी निवड करावीच लागते.

किनाऱ्याच्या वाक्यात सडा शोभणार नाही, कारण सड्यातील वस्तू लहान आणि हलक्या असतात. फुले, पाने, काचा, फार तर टरफले. फळ्या आणि पेटारे यांच्यासाठी ‘खच’ पाहावा. ‘किनाऱ्यावर फळ्यांचा, दोरखंडांचा आणि फुटक्या पेटाऱ्यांचा खच पडला होता’ हे वाक्य कोणालाही परके वाटणार नाही. परंतु खचात ढिगाची छटा आहे, एकावर एक पडण्याची. लेखकाचा किनारा तितका भरलेला नसेल, वस्तू मधूनमधून दिसत असतील, तर ‘किनाराभर फळ्या, दोरखंड, फुटके पेटारे पडलेले होते’ असे साधे वाक्य मी पसंत करीन. ‘किनाराभर’ मधील ‘भर’ हा प्रत्यय येथे ‘स्ट्रू’चे निम्मे काम करतो, ‘घरभर कागद’, ‘अंगणभर पाने’ असे म्हटले की पृष्ठभाग आपोआप वाक्यात येतो आणि क्रियापद किरकोळ असले तरी चालते. कोशात प्रत्यय कधी प्रतिशब्द म्हणून दिला जात नाही, म्हणून तो शोधणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

हस्तलिखिताचे वाक्य लाक्षणिक आहे. तेथे चुका कोणी घातलेल्या नाहीत आणि पडलेल्याही नाहीत, त्या पानोपानी भेटतात एवढेच म्हणायचे आहे. ‘पानोपानी चुका आहेत’ असे थेट लिहावे, किंवा लेखकाचा सूर खोचक असेल तर ‘हस्तलिखित चुकांनी बुजबुजलेले आहे’ असे लिहावे. चुकांचा सडा घालण्याच्या मोहात मात्र पडू नये. तो शब्द वाचकाच्या मनात सुवासिक वस्तू आणतो.

मितभाषी

‘बुजबुजलेले’ यात किडे वळवळतात. मूळ वाक्यात तितकी किळस नसेल, तर ‘पानोपानी चुका’ हेच ठेवावे.